व्यंकय्या मास्तरांचं ‘आज नको’

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते, त्यांना बर्फावरून घसरता येत असे. हे वाक्य सोलापुरात उच्चारलं की ऐकणारा आधी बाहेरच्या उन्हाकडे बघतो आणि मग माझ्याकडे. पण ते खरं आहे. त्यांचं नाव व्यंकय्या गुंडेटी. साखर पेठेतल्या विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि चिडले तर दोन्ही भाषा सोडून नुसते गप्प.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते टरफलांच्या ढिगावर. तीस सालच्या मार्शल लॉची धामधूम संपून दोनेक वर्षं झाली असतील. मी विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो आणि आमचे तालीम मास्तर बाबूराव माने रोज पहाटे मला जबरदस्तीनं फिरायला नेत. माने सांगोल्याकडचे. सहा फूट उंच, दोन माणसांचं जेवण जेवणारे, आणि मनात आलं ते तोंडात येणारे. एप्रिलमधली सकाळ होती. तेलाच्या गिरणीमागे शेंगांच्या टरफलांचा दोन मजली ढीग पडलेला असे. त्याच्या माथ्यावर धोतराचा काचा मारलेला एक किडकिडीत माणूस पायांना दोन लांब फळ्या बांधून उभा होता.

“त्ये बगा,” माने म्हणाले. “आपलं डायंगमास्तर. येडं हाय, पर लई ग्वाड.”

आम्ही बघता बघता त्या माणसानं गुडघे वाकवले आणि करकर आवाज करत तो ढिगावरून नागमोडी खाली आला. आमच्या पुढ्यात थांबला, कपाळावरचं टरफल काढलं आणि म्हणाला, “वळताना डावा पाय अजून अडतो ओ. उन्हाळा संपायच्या आत सुटला पाहिजे.”

उन्हाळा संपल्यावर सोलापुरात काय होणार होतं, हे मी विचारलं नाही.

मास्तर तरुणपणी सर्वे खात्यात नकाशे काढायच्या कामाला लागले होते आणि पाच-सहा वर्षं काश्मीरच्या बाजूला होते. तिथं त्यांच्या साहेबाला बर्फावर फिरायचा नाद. तंबू, मोजणीच्या साखळ्या, दुर्बिणी घेऊन साहेब वर जाई आणि नकाशे काढणारा मागे राहून चालत नसे, म्हणून त्यानं यांनाही फळ्यांवर उभं केलं. पुढे वडील थकले तसे मास्तर नोकरी सोडून घरी आले. माग धाकट्या भावानं सांभाळला आणि हे आमच्या शाळेत खडू-कागद सांभाळू लागले.

त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना मी हमखास रेंगाळत असे. टेबलावर पांढरं धोतर अस्ताव्यस्त टाकून ते मुलांना म्हणत, “हे काढा. पांढऱ्या कागदावर पांढरं.” मुलं गोंधळून जात. मग मास्तर खिडकीचं एक दार लावत, एक उघडत. “आता बघा. ही घडी निळी दिसते का? ही पिवळट? इथं खाली पोकळ आहे, इथं भरीव. पांढरा रंग एक नसतो रे. डोळे बारीक करा, दिसंल.” स्वतः डोळे इतके बारीक करत की झोप लागली असं वाटावं.

पण शाळेत ते प्रसिद्ध होते ते ‘आज नको’ या दोन शब्दांसाठी. कुठं चढायचं, उतरायचं, पाण्यात शिरायचं असं काही निघालं की मास्तर थांबत, भोवताली बघत आणि पुष्कळदा म्हणत, “आज नको.” आवाज चढवत नसत. कारण विचारलं तर सांगत, पटलं नाही तर वाद घालत नसत. आपण मात्र परत फिरत.

एकदा आमच्यातल्या एका मास्तरांचं लग्न सीना नदीपलीकडच्या गावात होतं. आम्ही दोन बैलगाड्या करून निघालो. वरच्या अंगाला पाऊस झालेला, नदीला गढूळ पाणी. गाडीवान म्हणाला, जाईल. मास्तर खाली उतरले, काठावर उकिडवे बसले, पाण्यात काडी टाकून बघितली आणि म्हणाले, “आज नको.”

माने खवळले. “आवो, गुडघ्याएवडं पानी हाय! नवरदेवाला काय सांगू? काडी वाहून गेली म्हून आलो न्हाय?”

मास्तरांनी हातातला आहेराचा पुडा माझ्याकडे दिला आणि आल्या वाटेनं चालत परत गेले. आम्ही नदीत गाड्या घातल्या. पाणी चाकांच्या आसापर्यंत लागलं, बैलांनी थोडी कुरकुर केली आणि आम्ही सुखरूप पलीकडे गेलो. पोटभर जेवलो, संध्याकाळी त्याच पाण्यातून परत आलो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांच्यावर तुटून पडले. त्यांना ‘आजनको मास्तर’ हे नाव मान्यांनी दिलं ते त्याच दिवशी. मास्तर सगळं ऐकून घेत होते. मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, “लाडू कसे होते ओ?” आणि छान होते म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की चेष्टा करणारे आम्हीच वरमलो.

तरी मला वाटायचं, हा माणूस भित्रा आहे. सज्जन, पण भित्रा.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांना जुन्या साहेबाचं पत्र आलं. साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला होता. गुलमर्गला त्याची लाकडी झोपडी होती, ती फाल्गुनापर्यंत रिकामी होती, फळ्या-काठ्या सगळं तिथंच होतं. यायचं तर या, सोबत कुणाला आणायचं तर आणा. मास्तरांनी पत्र चार वेळा वाचून दाखवलं. दर वेळी घडी घालून खिशात ठेवत आणि म्हणत, “आठ-नऊ वर्षं झाली की.” जायचं की नाही ते बोलत नव्हते. शेवटी मान्यांनीच, माझ्याही वतीनं, ठरवून टाकलं. “मास्तर, जायाचं. मी येतो. कुलकर्णीबी येतील. बर्फ म्हंजी काय असतं त्ये मरायच्या आदी बगू द्या की.”

नाताळच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही निघालो. निघण्याआधी मास्तर भावाच्या मागावर गेले आणि बोटाएवढ्या रुंदीच्या तीन लांबलचक सुती पट्ट्या विणून आणल्या, पक्क्या लाल रंगातल्या. आपलं सोलापुरी लाल, धुऊन धुऊन हात दुखतील पण उतरायचं नाही. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, “कमरेला बांधायला. मागे सोडून चालायचं. बर्फ अंगावर आलं तर माणूस खाली जातो, हलकी पट्टी वर राहते. साहेबानं नंतर पत्रातून कळवलं होतं.” कशाच्या नंतर, ते ते बोलले नाहीत.

रेल्वेनं रावळपिंडी, तिथून मोटारलॉरीनं दरी-दरीनं बारामुल्ला, मग टनमर्ग आणि तिथून पायी चढण. झोपडीची राखण रहमान नावाचा माणूस करत असे. पन्नाशीचा, लालसर दाढी, पायघोळ झग्यासारखं फिरन आणि त्याच्या आत पोटाशी शेगडी. त्यानं मास्तरांना पाहिलं, मास्तरांनी त्याला पाहिलं. दोघांनी हात हातात घेतले आणि दोघंही काहीच बोलले नाहीत. मला ते चमत्कारिक वाटलं. मान्यांनी मात्र आपल्या सोलापुरी दखनीत “क्या जी रहमानचाचा, चाय है क्या नै?” असं विचारून त्याला पहिल्या मिनिटाला हसवलं.

पहिले चार दिवस आम्ही पडत होतो. माने तर झाड कोसळावं तसे कोसळत आणि उठताना बर्फाला शिव्या देत. मास्तर आमच्याभोवती पाकोळीसारखे फिरत. शाळेत पोक काढून चालणारा हा माणूस इथं ताठ झाला होता. चढणीसाठी फळ्यांखाली कातड्याच्या पट्ट्या लावायच्या असत. “मखमलीवर हात फिरवून बघा,” ते म्हणाले, “एका बाजूनं गुळगुळीत, उलट्या बाजूनं अडतो. तसंच हे. पुढं सरकतं, मागं घसरत नाही.” पाचव्या दिवशी आम्ही खरंच एका उतारावर चढून गेलो आणि पडत-झडत खाली आलो. मान्यांना वाटलं, आपल्याला सगळं आलं.

मग दोन दिवस वाऱ्यासकट बर्फ पडत राहिलं. तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार उघडलं.

गुलमर्गच्या वर देवदारांचं रान संपतं तिथं एक मोठी घळ आहे. दोन्ही बाजूंना कडे आणि मधून वरपासून खालपर्यंत उतरलेली पांढरी पन्हाळ. साहेब लोकांची ती आवडती जागा. त्या सकाळी आम्ही कातड्या लावून रानातून घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दोन साहेब आणि एक मडम वरून सपासप वळणं घेत खाली येत होते. आमच्या जवळून जाताना त्यांनी टोप्या हलवल्या.

“झालं की मग,” माने म्हणाले. “चला, मास्तर.”

मास्तर डोळे बारीक करून घळीकडे बघत होते. मग त्यांनी काठीनं बर्फात कमरेएवढा खड्डा खणला आणि आम्हाला जवळ बोलावलं. वरचा हातभर थर पापडासारखा घट्ट होता. त्याच्याखालचं बर्फ त्यांनी मुठीत घेतलं, ते जाड्या रव्यासारखं बोटांतून गळून गेलं.

“हे ह्याच्यावर बसलेलं नाही,” ते म्हणाले. “नुसतं ठेवलेलं आहे. आज नको.”

“ती बाई आत्ता उतरली की मास्तर! लुगड्याऐवजी तुमान घालून का हुईना, बाईमानूसच हाय.”

“उतरली. बरं झालं.”

“तुमचं न्हेमीचंच हाय.” मान्यांनी काठी बर्फात आपटली. मलाही मनातून सीना नदी आठवत होती. इतक्या लांबून येऊन आपण पुन्हा काठावरूनच परतणार, असं वाटत होतं. पण मास्तर वळले होते. झाडांच्या आडोशानं, रानाच्या कडेनं उतरायचं ठरलं. लाल पट्ट्या मागे सोडून आम्ही निघालो, मास्तर पुढे, मी मध्ये, माने मागे.

पन्नास पावलं गेलो असू. मागून मान्यांचा आवाज आला, “आत्तिच्या!” त्यांच्या डाव्या पायाचा पट्टा सुटला होता आणि फळी बाजूला घसरत घळीत जाऊन अडकली होती. वीसेक पावलांवर. माने हट्टानं गेले असं मला कधीच म्हणवत नाही. कुणीही गेलं असतं. आपली वस्तू समोर पडलेली दिसली तर माणूस उचलायला जातोच. मास्तरांनी मागे वळून “माने, थांबा!” म्हणेपर्यंत ते एका पायावर फळी, दुसरा पाय मांडीपर्यंत रुतत असे तिथं पोचले होते.

आवाज मोठा झाला नाही. पोत्यावर पोतं टाकावं तसा एकच दबका धप् झाला. मान्यांच्या वर एक काळी रेघ उमटली आणि सगळा उतार चादर ओढल्यासारखा खाली आला. मान्यांचे दोन हात वर दिसले. मग पांढरा धुरळा. मग काहीच नाही.

मी धावायला लागलो. मास्तरांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की महिनाभर तिथं वळ होता.

“कुलकर्णी, शेवटचे कुठं दिसले?”

“त्या… त्या खडकाच्या खाली.”

“तिथंच बघत उभे राहा. डोळे हलवायचे नाहीत. मी पडलो तरी हलवायचे नाहीत.”

त्यांनी वर पाहिलं. आणखी काही सुटायचं राहिलंय का ते बघितलं. ते दोन-तीन श्वासांइतकंच असेल, पण मला वाटलं हा माणूस आत्ताही ‘आज नको’ म्हणणार. ते घळीत उतरले. मी सांगेन तिथून सरळ रेषेत खाली, वाकून, एकेक हात बर्फ चाचपत. मी खडकाखालच्या त्या जागेवर डोळे रोवून उभा होतो. पाणी गळत होतं, पापणी लवू देत नव्हतो.

“लाल!” मास्तर ओरडले. “दिसली! या आता!”

पट्टीचा वीतभर तुकडा वर होता. मास्तरांनी तो ओढला, तो बर्फ कापत पुढे पुढे सरकला आणि एका जागी सरळ खाली गेला. फळ्यांच्या टोकांनी, हातांनी, तोंडातून काहीतरी तेलुगूत पुटपुटत मास्तर खणत होते. मीही. बर्फ आता सिमेंटसारखं झालं होतं. आधी टोपी लागली. मग केस. तोंड निळं पडलं होतं, डोळे मिटलेले. मास्तरांनी बोट घालून तोंडातलं बर्फ काढलं, गालावर चपराक मारली, पुन्हा मारली, छातीवरचं ओझं दूर केलं.

मान्यांनी श्वास घेतला. फुटक्या भात्यासारखा. मग खोकले. मग डोळे उघडले, मास्तरांकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मास्तर… आज नको म्हनला हुता की तुमी.”

मी हसलो की रडलो ते मला आठवत नाही. मास्तर मात्र बर्फात मटकन बसले. ते सारखं म्हणत होते, “निघाला. हा निघाला. कुलकर्णी, हा निघाला ओ.” शेवटी मान्यांचा, नुकत्याच खाली गाडलेल्या मान्यांचा, हात धरून त्यांना उठावं लागलं.

दुपारी आम्ही झोपडीवर पोचलो. मान्यांचा एक गुडघा मुरगळला होता, बाकी शाबूत. रहमाननं आमची तोंडं बघितली, मान्यांच्या कमरेची लाल पट्टी बघितली आणि काही न विचारता त्यांना शेगडीशी बसवून ब्लँकेटांत गुंडाळलं. चहा झाला. माने दुसऱ्या पेल्यावर आले तेव्हा मास्तर उठून रहमानसमोर जाऊन बसले आणि उर्दूत बोलू लागले. तेव्हा मला कळलं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच घळीत सर्वेच्या तुकडीबरोबर एक हमाल गाडला गेला होता. सुभान. रहमानचा धाकटा भाऊ. तीन दिवस शोधून सापडला नव्हता, वसंतात बर्फ वितळल्यावर सापडला. मास्तर म्हणत होते, “रहमानभाई, त्या सकाळी मी बर्फ हातात घेऊन बघितलं होतं. असंच होतं, रव्यासारखं. मला दिसलं होतं. साहेबानं विचारलं, काय गुंडेटी, जायचं ना? मी हो म्हणालो. साहेबासमोर नाही कसं म्हणायचं. इतकी वर्षं तुला सांगायचं राहिलंय.”

रहमाननं शेगडीतले निखारे खालीवर केले. मग म्हणाला, “मास्टरजी, सुभान इसी बर्फ़ में पैदा हुआ था. तुमसे पहले उसने देखा था. सुबह घर से निकलते हुए मुझसे बोला, आज बर्फ़ अच्छी नहीं है. मैंने कहा, तो साहब से बोल दे. बोला, शरम आती है.” त्यानं एक निखारा राखेत दाबला. “मैंने भी उसे नहीं रोका. मैं समझता था तुमको मालूम नहीं होगा. तुम समझते थे मुझको मालूम नहीं होगा.”

दोघांनी पुन्हा हात हातात घेतले. या वेळी ते गप्प नव्हते. रहमान सुभानच्या गोष्टी सांगू लागला. तो बकऱ्यांशी कसा बोलायचा, लग्नात कसा नाचायचा. मास्तर मध्येच एखादी भर घालत. माने ब्लँकेटातून म्हणाले, “चाचा, आपुन तो बच गये जी, अब खाना निकालो.” आणि रहमान दाढी पुसत हसत उठला.

सोलापुरात आल्यावर मान्यांनी ती कथा गावभर सांगितली आणि दर वेळी मास्तरांना अधिक उंच आणि बर्फाला अधिक खोल केलं. ‘आजनको मास्तर’ हे नाव त्यांनी स्वतःच बंद पाडलं. कुणी घेतलं तर अंगावर जात. मास्तरांत झालेला बदल मात्र जवळच्यांनाच दिसला. ते आता डबा खाताना गुणगुणत. शिक्षकांच्या खोलीत गुलमर्गच्या गोष्टी सांगत, आणि त्यांत सुभानचं नाव सहज येई. मला विचाराल तर आम्ही त्या घळीतून दोन माणसं बाहेर काढली. त्यातला एकच बर्फात पुरलेला होता.

पुढे माझी बदली करमाळ्याला झाली. पत्रं होती, भेटी कमी होत गेल्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जेऊर स्टेशनावर. पौषातली सकाळ, कोवळं ऊन. मी पुण्याच्या कामासाठी गाडीची वाट बघत होतो, पण ती गच्च भरून आली. जागा शोधत डब्यांसमोरून धावताना एका खिडकीतून हाक आली, “कुलकर्णी! ओ कुलकर्णी!”

मास्तर होते. केस पांढरे झालेले, गळ्यापर्यंत लोकरी कोट. शेजारी त्यांच्या पत्नी राजव्वा, दोन शाली, एक मफलर आणि घाम.

“कुठं निघालात?”

“गुलमर्ग. रहमानच्या मुलीचं लग्न आहे. म्हटलं, हिलाही बर्फ दाखवावं.”

राजव्वांनी नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि खिडकीतून डोकं काढलं. “भाऊजी, तुमी बघितलंय ना? हे म्हणतात, ते तोंडात घातलं की गोड लागतंय. खरं काय ओ? का माझी चेष्टा करायलेत?”

गाडीनं शिटी दिली. डबा हलला. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो. मास्तर बायकोच्या खांद्यामागून मला डोळे मिचकावत होते.

“लागतं!” मी ओरडलो. “लई गोड लागतं, वहिनी!”

राजव्वा विजयी मुद्रेनं मागे वळल्या, मास्तर तोंडावर हात धरून गदगदा हसू लागले, आणि गाडी त्या दोघांना घेऊन दौंडाकडे निघून गेली. माझी जागा शोधायची राहूनच गेली होती, मी फलाटावरच होतो.